बेसोचा रांजण

फोन आला तेव्हा लामारा अंगणात कोंबड्यांना मका टाकत होती. मुशनीने फोन घेतला, पलीकडचं बोलणं ऐकून घेतलं, दोनदा 'हो' म्हणाला आणि फोन खिशात ठेवला. मग तो पायऱ्यांवर बसला. लामाराने मक्याची परात खाली ठेवली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"सापडला?" तिने विचारलं.

"सापडला."

एंगुरी नदीपलीकडे, युद्धातल्या एका खड्ड्यात मिळालेली हाडं दोघांनी दिलेल्या रक्ताशी जुळली होती. एकवीस वर्षांनी त्यांचा बेसो घरी येणार होता. येत्या रविवारी, एका लहानशा पेटीत. रक्त द्यायला गेले होते तेव्हा लामाराने तिथल्या नर्सला चांगलं सुनावलं होतं, "घे बाई, घे हवं तेवढं. पण माझा मुलगा जिवंत आहे. तुमच्या समाधानासाठी देतेय." आता ती आहे तिथेच उभी राहिली. रडली नाही, मटकन खाली बसली नाही. कोंबड्या तिच्या पायांभोवती दाणे टिपत होत्या.

"मग रांजण उघडायला हवा," ती म्हणाली.

मुशनी दचकला. मुलाच्या बातमीने नव्हे. ती बातमी त्याला एकवीस वर्षांपूर्वीच मिळाली होती. दचकला तो रांजणाच्या नावाने.

त्यांच्याकडे मुलगा झाला की त्या सुगीची वाइन वेगळी काढतात आणि गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या रांजणात भरतात. वर दगडी झाकण, झाकणाच्या कडेने ओल्या चिकणमातीचा थर. पोराच्या लग्नात तो रांजण उघडायचा, तोवर त्याला हात लावायचा नाही. बेसोच्या रांजणात ओजालेशी भरली होती. ओजालेशी म्हणजे झाडावरची. हे द्राक्ष भारी मानी. मांडव घाला, तारा ओढा, त्याला काही पसंत पडत नाही. त्याला उंच झाड लागतं, आणि त्या झाडाच्या शेंड्याला पोचल्याशिवाय ते धड फळत नाही. मुशनीच्या पणजोबाने आपला वेल अंगणातल्या तुतीवर चढवला होता. नोव्हेंबर संपता संपता, बर्फ पडायच्या तोंडावर, मुशनी निमुळती टोपली दोरीला बांधून तुतीच्या शेंड्याला जायचा आणि काळेभोर घोस भरून टोपली खाली सोडायचा. खाली लामारा. ती एका हाताने टोपली सोडवायची आणि तोंडाने त्याला सोलून काढायची, "वरच राहायला जा! बिछाना पाठवू का वर?" बेसोच्या वर्षी तिच्या छातीशी महिन्याचं पोर होतं. तरी तिने टोपली दुसऱ्या कुणाला सोडवू दिली नाही.

एके काळी त्या डोंगरउतारावर घरटी एक ओजालेशी होती. मग सरकारने चहाचे मळे आणले. मळ्यांसाठी झाडं गेली, झाडांबरोबर वेल गेले. लोकांनी त्यांच्या जागी आदेसा लावली. आदेसा बाहेरून आलेलं द्राक्ष. कुंपणावर येतं, गोठ्याच्या छपरावर येतं, लाथ घातली तरी वाढतं. तिची वाइन रोजच्या जेवणाला ठीक. पण तिला स्ट्रॉबेरीच्या मुरंब्यासारखा गोड वास असतो, आणि तो काही केल्या जात नाही. आंधळा माणूससुद्धा अंगणात पाऊल टाकताच सांगेल, या घरात आदेसा पितात म्हणून. मुलाच्या रांजणातून आदेसा वाढणं म्हणजे गावासमोर आपलं नाक आपल्याच हाताने कापून घेणं.

आणि बेसोच्या रांजणात आदेसा होती. हे साऱ्या जगात एकट्या मुशनीला माहीत होतं.

झालं होतं असं. बेसो लढायला गेला होता ते सोखुमी शहर पडलं, त्या शरदात मुशनी गिरणीत मका दळायला गेला होता. तिथे दारात बेसोचा मित्र रोईन उभा राहिला. पायात बूट नव्हते, पोत्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. "काका," तो म्हणाला, "मीच त्याचे डोळे मिटले. आणता नाही आला हो." गिरणी चालूच होती. मुशनीने पीठ पोत्यात भरलं, पोत्याचं तोंड बांधलं, आणि मग रोईनचा हात धरून त्याला गिरणीमागे नेलं. "माझ्या बायकोला सांगायचं नाही," तो म्हणाला. "शपथ घे."

तेव्हा लामारा भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. घास गिळत नव्हती. रस्त्यावर गाडी वाजली तरच उठायची, फाटकापर्यंत जायची, परत येऊन पडायची. मुशनीने मनाशी म्हटलं, हिला आत्ता सांगितलं तर एक थडगं रिकामं ठेवून दुसरं भरावं लागेल. हिवाळा जाऊ दे, वसंत आला की सांगू. रोईन पुढे कामासाठी रशियात गेला आणि तिकडचाच झाला.

मुशनीने दाढी करणं सोडलं. घरात मृत्यू झाला की तिकडचे पुरुष चाळीस दिवस वस्तरा लावत नाहीत. लामाराला वाटलं, याने नवस बोलला. "बेसो येईपर्यंत ना?" तिने विचारलं. तो हो म्हणाला. एका खोट्याला दुसरं जोडत जाणं किती सोपं असतं हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

चाळिसाव्या दिवशी लामारा घरी नव्हती. अंथरुणातून उठून, बेसोचा फोटो घेऊन ती झुग्दिदी शहराला गेली होती. तिथे शाळांत, हॉटेलांत पलीकडून पळून आलेली माणसं भरली होती, आणि ती एकेकाला फोटो दाखवत फिरत होती. इकडे मुशनी फावडं घेऊन रांजणापाशी गेला. मेलेल्याचं ताट मांडलं नाही तर तो तिकडे उपाशी राहतो, हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं. पोराला उपाशी कसं ठेवणार? त्याने मक्याच्या पिठाची घट्ट गोमी शिजवली, घेवडा शिजवला, भाकर भाजली. माती उकरली, झाकण सरकवलं. वाळवलेल्या दुधीच्या डावाने ओजालेशी काढली. बावीस वर्षांची, रंगाने जवळजवळ काळी. भाकरीवर ओतली, मग स्वतः प्याला. मृतासाठी चार शब्द बोलायला माणूस लागतो, तर तेही आपले आपणच बोलला. इतकी चांगली वाइन त्याने जन्मात चाखली नव्हती, आणि हे त्याला कळलं याचीच त्याला लाज वाटली.

उघडलेल्या रांजणातली वाइन टिकत नाही. दाढी करून, काचेच्या मोठ्या बुधल्या भरून, रिकाम्या रांजणाचं झाकण पुन्हा लिंपून, त्याने त्या गाड्यावर घातल्या आणि खालच्या गावातल्या शाळेत नेल्या. तिथे निर्वासितांत रोज कुणी ना कुणी जात होतं, आणि त्या बिचाऱ्यांकडे थडग्यावर शिंपडायला घोटभर वाइन नव्हती. मुशनी हिवाळाभर तिथे जात राहिला. अनोळखी माणसांच्या पंगतीत बसला, बेसोची वाइन त्यांच्या मेलेल्यांसाठी वाढली, आणि तिथेच पोटभर रडला. कुणाचा कोण म्हणून त्याला कुणी विचारलं नाही. तिथे सगळेच रडत होते.

लामारा झुग्दिदीहून परतली ती त्याची गुळगुळीत हनुवटी पाहून भडकली. "चाळीस दिवससुद्धा धीर निघाला नाही तुला? बाप आहेस का कोण आहेस!" दुसऱ्या दिवसापासून तिने एक नेम धरला. रोज सकाळी तांब्याभर पाणी घेऊन रांजणापाशी जायची, माती सुकून तडकू नये म्हणून शिंपडायची, आणि झाकणावर थाप मारून म्हणायची, "तुझ्यावरून ओवाळून टाकलं रे मला." पोर जिवंत आहे, त्याचं लग्न व्हायचंय, वाइन नासता कामा नये. एवढ्या एका कामासाठी ती उठू लागली, मग जेवू लागली. मुशनी खिडकीतून बघायचा. रिकाम्या रांजणाच्या झाकणावर थाप पोकळ वाजते. एक दिवस हिच्या ध्यानात येणारच. तेव्हा ती बहिणीकडे गेलेली पाहून त्याने मिळेल ती वाइन रांजणात ओतली. मिळाली ती आदेसाच. त्याचा स्वतःचा वेल? त्या वर्षी तो तुतीवर चढलाच नव्हता. सगळे घोस पाखरांनी खाल्ले. आणि फेब्रुवारीच्या ओल्या बर्फाने म्हातारी तुती मुळासकट आडवी झाली, वेलाला अंगाखाली चिरडून.

वसंत आला. मुशनी सांगायचं ठरवून लामाराजवळ गेला. ती रांजणापाशी उकिडवी बसली होती, गालांवर जरासं मांस चढलं होतं, आणि काहीतरी गुणगुणत होती. "काय रे?" तिने विचारलं.

"हवा बरी आहे आज," तो म्हणाला.

त्यानंतर दर वसंतात हवा बरीच निघाली.

आणि आता रविवार तोंडावर आला होता. घरात बायकांची ये-जा सुरू झाली. मुशनीने संधी साधून लामाराला गोठ्यापाशी गाठलं. ती दुधीचा डाव राखेने घासत होती.

"मी म्हणतो, रांजण राहू दे," तो म्हणाला. "सालखिनोला कारखान्याची ओजालेशी मिळते. सीलबंद. तीच आणू."

"का?"

"लग्नाची वाइन ती. मयताला कशी वाढायची?"

लामाराने डाव खाली ठेवला. "त्याचं आणखी कुठलं लग्न व्हायचंय, मुशनी? सांग ना. मुलगी बघून ठेवलीयस का कुठे?"

"तसं नाही गं. पण एवढी वर्षं झाली. बिघडली असेल तर? गावासमोर शोभा."

"बिघडली असेल?" ती ताडकन उठली. "एक दिवस माती सुकू दिली नाही मी. ताप होता तेव्हा रांगत गेलेय. तुझ्या भावाच्या मयताला सगळा गाव गेला, मी आधी पाणी घातलं मग आले. बिघडली असेल म्हणे! तू एकदा तरी तांब्या उचललास का?"

"नाही."

"मग गप बस." ती पुन्हा डाव घासू लागली. मग आवाज उतरवून म्हणाली, "मला त्याला दुसरं काही देता येत नाही रे. सून नाही, नातवंडं नाहीत. कपडे शिवावेत तर घालायला अंग नाही. एवढं एकच आहे माझ्या हातात. गाव त्याची वाइन पिईल, आणि म्हणेल, लामाराच्या बेसोची वाइन. मग मी त्याला मातीत ठेवीन."

मुशनी गोठ्यात शिरला आणि वैरण टाकू लागला.

शनिवारी पहाटे तो पहार घेऊन बाहेर पडला. बेत असा, की रांजणाभोवतीची माती सैल करायला गेलो आणि पहार घसरली म्हणायचं. रांजण फुटला, वाइन जमिनीने प्यायली, संपलं. लामारा चार दिवस बोलणार नाही, जन्मभर टोमणे मारील. टोमण्यांना तो घाबरत नव्हता. त्यावर तर तो एवढी वर्षं जगला होता. पण अंगणाच्या कोपऱ्यात लामारा आधीच उभी होती, हातात तांब्या.

"शेवटचं पाणी," ती म्हणाली. "पहार कशाला?"

"पंगतीच्या मांडवाला खुंट ठोकायचे आहेत," मुशनी म्हणाला, आणि खरोखरच जाऊन खुंट ठोकत बसला.

रविवारी पेटी पूल ओलांडून आली. गावच्या बायकांनी फाटकातच हंबरडा फोडला. त्यांच्याकडे बायकांचं रडणं नुसतं रडणं नसतं. मेलेल्याला नावाने हाक मारायची, त्याच्याशी बोलायचं, तो कसा होता ते त्यालाच सांगायचं. पण ते जिचं असतं तिने सुरू करावं लागतं, आणि लामारा पेटीवर तळहात ठेवून नुसती बसून राहिली. डोळे कोरडे. बायका थोडा वेळ थांबल्या, एकमेकींकडे पाहिलं, आणि मग इतर नातेवाइकांनी आपल्या परीने रडून घेतलं. "दगड झालाय बाईचा," कुणीतरी म्हणालं. मुशनीला मात्र दिसत होतं की तिचं लक्ष पेटीत नाही. ती पंगतीची वाट बघत होती. ते काम एकदा नीट पार पडलं, की मग ती रडणार होती.

घरामागच्या चढावर मुशनीच्या आईबापांशेजारी बेसोला ठेवलं. मग सगळे मांडवाकडे आले. टेबलांवर मयताचं जेवण होतं, त्यात मांस नाही. मासे, घेवडा, अक्रोडाच्या वाटणातला पालक, वाफाळती गोमी. पंगत चालवायला शेजारचा वालिको होता. गावातल्या प्रत्येक लग्नात आणि मयतात मृतांची, जिवंतांची नावं घेऊन प्याला उचलायचा मान त्याचा, आणि वाइनच्या बाबतीत त्याच्या नाकाला साऱ्या उतारावर तोड नव्हती. वालिको बाह्या सरसावून रांजणाकडे निघाला.

"तू नाही," लामारा म्हणाली. "मी उघडणार."

"बाईमाणसाने रांजण उघडायची रीत नाही, वहिनी."

"पाणी घालायची होती? तेव्हा आला नाहीस रीत सांगायला."

वालिको बाजूला झाला. लामाराने हातांनी माती काढली. वरच्या थरातली ओली, मऊ माती तिने एका बाजूला नीट रचून ठेवली. मग झाकणाला दोन्ही हात घातले. दोघा पुरुषांनी हात लावला आणि झाकण सरकलं.

वास आला.

गोड, उथळ, स्ट्रॉबेरीच्या मुरंब्याचा वास. साठसत्तर माणसं अंगणात होती आणि त्यांतल्या एकालाही तो ओळखायला दुसऱ्यांदा श्वास घ्यावा लागला नाही. मुशनी आपल्या बुटांकडे बघत राहिला. बोला एकदाचं काय बोलायचं ते, एवढंच त्याच्या मनात होतं.

वालिकोने डाव बुडवला, वाइन प्याल्यात घेतली, नाकाशी नेली. त्याने मुशनीकडे पाहिलं. मुशनीने मान वर केली नाही. मग वालिकोने लामाराकडे पाहिलं. तिचे हात कोपरापर्यंत मातीने भरले होते, आणि ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. वालिको सगळा प्याला एका दमात प्याला.

"ओजालेशी!" तो म्हणाला. आवाज जरा फाटला. "जुनी झाली की अशीच होते ती. गोडसर वासावर येते."

"हो हो," मागून एक म्हातारा म्हणाला. "माझ्या आजोबांकडची अशीच होती."

"अशी आता प्यायला मिळत नाही कुठे," तिसरा म्हणाला.

आणि मग सगळा गाव खोटं बोलू लागला. ज्या माणसांनी वाइनवरून सोयरिकी मोडल्या होत्या, ज्यांनी शेजाऱ्याच्या प्याल्यात घोटभर पाणी पडलं तरी वर्षभर त्याची टर उडवली असती, ती माणसं आदेसा पीत होती आणि डोळे मिटून वाहवा करत होती. बायकासुद्धा. तेवढ्यापुरतं मुशनीला गावावर इतकं प्रेम आलं की तिथेच ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं.

लामाराने डाव हातात घेतला. भरला, प्याली, मनगटाने ओठ पुसले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"वाढा," ती म्हणाली.

बेसोच्या नावाने प्याले उचलले गेले, न किणकिणवता. भाकरीवर थेंब सांडले. जेवणं झाली. लामारा प्रत्येक टेबलापाशी जाऊन उभी राहिली, म्हाताऱ्यांच्या पानांत स्वतः मासे वाढले. ऊन कलायला लागलं तसे लोक उठले. जाताना वालिकोने मुशनीला मिठी मारली आणि कानात पुटपुटला, "का रे बाबा?" पण उत्तरासाठी थांबला नाही.

मुशनी अंगणात परतला तेव्हा लामारा उघड्या रांजणाच्या काठावर बसली होती. तो तिच्यासमोर उभा राहिला. बसायची हिंमत झाली नाही.

"कधी?" तिने विचारलं.

"काय कधी?"

"आज नको, मुशनी. आज मला फिरवू नकोस. कधी कळलं तुला?"

त्याने सांगितलं. गिरणी, रोईन, चाळिसावा दिवस, खालची शाळा, आदेसा. सगळं सांगायला फारच थोडा वेळ लागला. एवढंसं ते, आणि आपण ते इतकी वर्षं वाहत होतो, असं त्याला वाटून गेलं.

"मी झुग्दिदीत दारोदार फोटो दाखवत होते, तेव्हा तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"नंतर दरसाल जात होते. तू मला बसमध्ये बसवून द्यायचास. डबा भरून द्यायचास."

"तू जेवायला लागली होतीस, लामारा. मला वाटलं, वसंत आला की सांगू."

लामाराने मान खाली घातली. मग तो घाईघाईने बोलू लागला, "पण तो उपाशी नव्हता. एवढं तरी माझं ऐक. चाळिसावं केलं, वर्षाचं केलं. त्याची वाइन वाया नाही गेली. एक थेंब गेला नाही. शाळेत इतक्या लोकांनी त्याच्या नावाने..."

"त्याच्या नावाने?" तिने मान वर केली. "त्यांना नाव सांगितलंस?"

"एकीला सांगितलं. म्हातारी होती, ओचामचिरेकडची. तिचे दोन गेले होते. त्यांच्यासाठी ती रडत होती. मी म्हटलं, माझाही एक आहे, बेसो नावाचा, त्याला रडायला कुणी नाही. तर म्हणाली, सांग, तुझाही घेते माझ्या दोघांबरोबर."

"रडली?"

"रडली. खूप रडली. भिंती हलल्या."

लामारा उठून उभी राहिली. "काय म्हणाली?"

"आता इतक्या वर्षांनी..."

"आठव."

मुशनीने डोळे मिटले. आठवायला काही लागलंच नाही. शब्द न् शब्द त्याला पाठ होता. "म्हणाली, अरे बेसो, माझ्या उंचपुऱ्या राजा. दारातून वाकून यायचास रे तू. निळ्या डोळ्यांच्या माझ्या पाखरा, घोड्यावर बसलास की सारा गाव बघत राहायचा..."

"उंच?" लामारा म्हणाली.

तो थांबला.

"बेसो उंच नव्हता."

"तिने कुठे पाहिला होता गं त्याला?"

"तू पाहिला होतास!" ती ओरडली. त्या सबंध दिवसात तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "तू तिथे बसला होतास ना? निळे डोळे! माझ्या पोराचे डोळे तुझ्यासारखे, चिखलाच्या रंगाचे. घोडा दिसला की माझ्या मागे लपायचा तो. ती तिच्या पोरासाठी रडली, मुशनी. तिच्या उंच, निळ्या डोळ्यांच्या पोरासाठी. आणि तू ऐकत बसलास. एका शब्दाने म्हणाला नाहीस, की बाई, असा नव्हता माझा."

"नाही म्हणालो."

"म्हणजे बेसोसाठी कुणीच रडलं नाही." तिचा आवाज एकदम खाली आला. "वाइन मिळाली त्याला. भाकर मिळाली. तो तिकडे बसून वाट बघत असेल, आई कशी काही बोलत नाही म्हणून. बाकीच्यांच्या आया हाका मारताहेत, आणि माझी आई कुठेय? आणि मी इथे मातीला पाणी घालत होते."

मुशनीने तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने तो झिडकारला नाही, नुसती त्याच्या बाजूने निघून गेली. घराला वळसा घालून ती चढाकडे चालू लागली. चालता चालता तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि पांढरे केस मोकळे केले. तोही मागे निघाला, काही अंतर ठेवून.

ताज्या मातीच्या ढिगापाशी ती गुडघ्यांवर बसली. दोन्ही तळहात मातीत रोवले आणि हाक मारली. मुशनीने तो आवाज कधी ऐकला नव्हता. खालच्या घरांतले कुत्रे गप्प झाले.

"बेसो! अरे माझ्या बुटक्या! फडताळावरचा डबा काढायला स्टूल घ्यायचास रे तू! माझ्या मोठ्या कानांच्या बाळा, टोपीबाहेर यायचे रे कान तुझे, शाळेत चिडवायची पोरं..."

मुशनीला राहवलं नाही. तो कुंपणाच्या आत आला, दोन पावलं पुढे झाला. तिच्याशेजारी बसावं, तिच्यासोबत एकदा रडावं, एवढंच त्याला हवं होतं. एकवीस वर्षं हवं होतं.

लामाराने मान न वळवता हात वर केला.

"तू तिथेच थांब," ती म्हणाली. "तुझं रडून झालंय."

तो थांबला. त्याने टोपी काढून हातात घेतली. लामारा पुन्हा मातीवर वाकली आणि पहिल्यापासून सांगू लागली. तो जन्मला तेव्हा किती लहान होता, तिथपासून.